एका अक्षराची दुरुस्ती

माझा मामा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. सदतीस वर्षं. छापखान्यात सगळे त्याला ‘वेलांटी’ म्हणत, कारण ती पहिली की दुसरी यावरून तो हातातला घास ठेवून भांडायला उठायचा. बारीक काम असलं की मजकूर उलटा वाचायचा, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. म्हणायचा, “सरळ वाचलं की अर्थ हाताला धरून पुढे नेतो. चूक बसते मागेच.”

मग त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. मामीने रडून घेतलं, मामाने डाव्या हाताने चहा प्यायला सुरुवात केली. लाल खुणा वाकड्यातिकड्या पडू लागल्या, तरी अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना त्या समजत. पण एका पाठ्यपुस्तकात एक ओळ दोनदा छापून गेली आणि मॅनेजरला निमित्त मिळालं.

“हात हलतो त्याचं काही नाही हो,” तो म्हणाला. “डोकं हललंय का, तो प्रश्न आहे. सहा महिने रजा घ्या, डोकं शाबूत असल्याचा दाखला आणा. टेबल तुमचंच.”

मामाला दुसरं काही येत नव्हतं आणि यायला नकोही होतं. टेबल गेलं असतं तर त्याने मामीच्या किराणाच्या यादीतल्या चुका काढून तिला माहेरी पाठवलं असतं.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई अशा रुग्णांवर अभ्यास करत होत्या: दम वाढवला की डोक्याच्या कामातही फरक पडतो का? “पडतोच असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “तेच बघायचंय.” मामाने लगेच नाव दिलं. आठवड्यातून तीनदा जागच्या जागी फिरणारी सायकल, आणि दम मोजायच्या दिवशी तोंडावर मास्क. ने-आण माझ्याकडे.

“कुठे पोचलास, मामा?” मी विचारायचो.

“चाळीस मिनिटं झाली. समोरचं कॅलेंडर अजून तिथेच आहे.”

पण तो नेटाने चालवत राहिला. पहिल्यांदा धाप लागून पाचव्या मिनिटाला उतरलेला माणूस चौथ्या महिन्यात शेजारच्या पेशंटला “पाय घासू नका” म्हणून दटावायला लागला. मामी म्हणाली, “तीन मजले चढतात आणि वर येऊन मलाच विचारतात, तुला का गं दम लागला?”

सहा महिन्यांनी पुन्हा चाचण्या झाल्या. एका मिनिटात ‘क’ने सुरू होणारे शब्द सांगायचे होते. आधी आठ जमले होते, आता सतरा. महिने उलटे म्हणायला सांगितले, तर मामाने ते इतक्या झपाट्याने म्हटले की बाईच मध्ये हरवल्या.

“पाठ करून आलात?”

“सदतीस वर्षं,” मामा म्हणाला.

बाई हसल्या. “तुमच्यापुरतं सांगते. दम वाढलाय, चाचण्याही सुधारल्यात. सायकलीमुळेच का, ते सगळ्यांचे आकडे आले की कळेल. पण दाखला मी आनंदाने देते.”

त्या दिवशी त्यांची घाई होती. संध्याकाळी दोन महिन्यांसाठी परदेशी निघायचं होतं. कारकुनाने दाखले टाइप केले, बाईंनी गठ्ठ्यावर सह्या ठोकल्या.

मी स्कूटर काढून आलो तर मामा पायरीवर बसून दाखल्यावर वाकलेला, हातात लाल पेन. टाइप केलेलं होतं: ‘सदर रुग्ण बौद्धिक कामासाठी पूर्णपणे अक्षम आहेत.’ मामाने ‘अ’ खोडला, समासात ‘स’ लिहिला आणि शेजारी रीतसर आपली छोटी सही केली.

“मामा, हे काय केलंस!”

“चूक होती. काढली.”

“अरे, हा दाखला आहे! मुद्रित नाही!”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच अडाणी. आणि मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

आम्ही वर धावलो. बाई निघून गेल्या होत्या. कारकुनाने फाइल उघडली. “आमच्या प्रतीत अक्षमच आहे. बदलायला बाईंची सही लागेल.”

“टाइप तुम्हीच केलंत ना?” मी म्हणालो.

“हो. पण सही त्यांची आहे.”

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने दाखला उजेडात धरला. “वेलांटी, सहा महिने थांबलो तुमच्यासाठी. आणि तुम्ही मला खोटा दाखला आणता?”

“खोटा नाही. दुरुस्त केलेला आहे. समासात सही आहे माझी. खोटेपणा करणारा सही करतो का?”

“डोकं ठिकाणावर असलेला तरी करतो का?”

“बाई परत येईपर्यंत थांबा. नाहीतर एक गॅली द्या, कुठलंही कच्चं मुद्रित. आत्ता इथे उभ्याने वाचून दाखवतो.”

गॅली कोणी दिली नाही. ज्या लाल खुणेवर सदतीस वर्षं पानंच्या पानं बदलली, ती एका अक्षरापुरती चालेना. जुळारी खाली मान घालून शिशाच्या अक्षरांचे खिळे शोधत बसले. कॉम्प्युटर आल्यापासून तिथे खिळे नाहीत, तरीही. टेबल त्याच आठवड्यात दुसऱ्याला मिळालं.

अभ्यास संपला होता, त्यामुळे सायकलही संपली. मामी म्हणायची, “अहो, निदान कोपऱ्यापर्यंत तरी चला.” मामा म्हणायचा, “कोपऱ्यावर काय दाखला मिळतो?” नातेवाईक येऊन व्यायामाचं महत्त्व सांगायचे, खुर्चीत बसून, बिस्किटं खात. मामा जिन्यात दोनदा थांबायला लागला, मग जिना उतरेनासाच झाला.

दोन महिन्यांनी बाई परतल्या. कळवळून माफी मागितली आणि माझ्यासमोर स्वतः नवा दाखला टाइप केला. मी तो घेऊन घरी पळत आलो.

मामाने तो वाचायला घेतला. उलटा नाही, सरळ. मध्येच ओळ सुटली, तेव्हा बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून.

“चूक आहे यात,” तो म्हणाला.

“कुठे? सक्षम लिहिलंय की चांगलं!”

“अक्षर बरोबर आहे. तारीख चुकली. आजची घातलीय, आणि माणूस दोन महिन्यांपूर्वीचा आहे.” त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. “काल पेपर घेतला होता. तीनदा त्याच ओळीवर आलो.”

“मामा, कोणाला कळणार आहे?”

“तू परत देऊन ये. हा घेऊन गेलो, तर मॅनेजर ‘खोटा दाखला’ म्हणाला होता ते खरं होईल.”