रांगेत अडकलेले निरोप

विजयश्री मूळची लातूरकडची. आकुर्डीतल्या एका छोट्या कंपनीत ती नोकरीला होती आणि रहाटणीच्या एका डायलिसिस केंद्राचं वेब ॲप एकटीच सांभाळायची. निरोप पाठवणं, रिपोर्ट काढणं ही कामं तिने पडद्यामागे लावली होती. बटण दाबलं की काम रांगेत जायचं, दाबणाऱ्याला ताटकळावं लागायचं नाही. मागे चालणारा एक प्रोग्रॅम ती कामं एकेक करून उरकायचा.

त्या सकाळी केंद्रातलं, डायलिसिसला लागणारं पाणी शुद्ध करणारं मशिन बंद पडलं. दुपारच्या पेशंटना पिंपळे सौदागरच्या शाखेत पाठवायचं ठरलं. केंद्रातल्या साधनाताईंनी तसा निरोप सोडला. 'काम स्वीकारलं' असं स्क्रीनवर आलं आणि त्या निर्धास्त झाल्या.

दुपारी त्यांचा फोन आला. "विजयश्री, सगळे इथेच येतायत गं. कुणालाच मेसेज गेलेला नाही."

तिने पाहिलं, तर प्रोग्रॅम महिन्याच्या रिपोर्टवर अडकून पडला होता आणि निरोप त्याच्यामागे खोळंबले होते. तिने तो रिपोर्ट रद्द केला. निरोप भराभर सुटले. तिला हायसं वाटलं, पण घटकाभरच. कारण पेशंटना रोज आपोआप जाणारी वेळेची आठवणही त्याच रांगेत होती, बदलाच्या निरोपाच्या मागे. तीही सुटली : 'आज दुपारी रहाटणीला या.'

गेलेले मेसेज परत घेता येत नव्हते. विजयश्रीने पेशंटची यादी उघडली आणि ती एकेकाला फोन लावत सुटली. सावळाराम काही उचलेनात. ते चाकणजवळच्या गावातले, आधीच डायलिसिसची एक खेप चुकलेले. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. शेवटी त्यांच्या बायकोने, सरुबाईंनी उचलला.

"आमी पिंपळ्याला निघालो व्हतो. मग तुमचा दुसरा निरोप आला, म्हून माघारी फिरलो. ह्यांना लई दम लागलाय, पोरी. बोलत न्हाईत."

"आजी, कुठे आहात?"

"काळेवाडी फाट्यावर. रस्त्याच्या कडंला बसवलंय."

अँब्युलन्स तिथे धाडून विजयश्री रिक्षाने हॉस्पिटलात पोचली. सावळारामांना आयसीयूत नेलं होतं. बाहेर सरुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"त्यो निरोप कुणी धाडला?"

"माझ्या प्रोग्रॅमने. म्हणजे मीच."

सरुबाईंनी तोंड फिरवलं. विजयश्री तिथेच फरशीवर बसली.

सावळाराम वाचले, पण अंथरुणाला खिळले. विजयश्रीने निरोपांची रांग वेगळी केली, जुनी आठवण आपोआप रद्द होईल असंही केलं. तरी वेळ बदलली की ती प्रत्येकाला स्वतः फोन लावते. सरुबाई तिचा आवाज ऐकतात, "बरं" म्हणतात आणि फोन ठेवून देतात.