झाडारिकामी

त्या पुस्तकाचे सहा गठ्ठे अजून माझ्या फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये दिवाणाखाली पडले आहेत. सुतळीसुद्धा सोडलेली नाही. केर काढताना झाडू त्यांना लागतो आणि दर वेळी माझं डोकं नव्याने तापतं. सून म्हणते, "आई, रद्दीत देऊन टाका ना, चलो, विषय संपला." मी देत नाही. विषय संपलेला नाही.

मी पुस्तकं छापते. मराठी पुस्तकं, दिल्लीत बसून. शिक्षण म्हणाल तर जुनी अकरावी. लग्न होऊन सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले, वाचायला मराठी काही मिळेना, म्हणून चार बायकांना गोळा करून हाताने लिहिलेला अंक काढायला लागले. ते वाढत वाढत इथवर आलं. प्रूफ कसं बघायचं, बांधणी कशी असावी, सगळं लोकांना विचारून विचारून शिकले. वर्षाला दोन पुस्तकं, फार तर तीन. लिहिणारी माणसं इथलीच, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली. त्यांच्या घरी जायचं, चहा प्यायचा, "आणि मग काय झालं? तेही लिहा ना" म्हणत मागे लागायचं, हे मला छान जमतं. जमत नाही ते एकच. चांगला संपादक शोधणं. त्याचीच ही गोष्ट आहे आणि ती सांगताना मी शांत राहीन असं काही नाही.

क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी एक बाई राहायच्या. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला वहिनी. त्या एका सरकारी कचेरीत आलेलं टपाल रजिस्टरात चढवायच्या. चाळीस वर्षांची ओळख. क्वार्टर पाडली गेली, त्या मुलाकडे नोएडाला गेल्या, मी इकडे आले, तरी आठवड्यातून दोनदा फोन असायचाच. एक दिवस म्हणाल्या, "वहिनी, मी थोडं लिहिलंय. हसायचं नाही." गेले तर तीन वह्या. दोन्ही बाजूंनी भरलेल्या.

पहिलं वाक्य होतं, "माझी आई खाली बसायची."

ताईंची आई मिरजेला शिंप्याच्या दुकानात काजं करायची. शर्टाला बटणाची भोकं असतात ना, त्यांना हाताने दोरा घालून कडा बांधायची, ती काजं. पुरुष वर मशीनवर, आई खाली जमिनीवर. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. त्या काजांवर ताई शिकल्या, परीक्षा दिली, दिल्लीला आल्या. सगळं पुस्तक त्या एका वाक्यावर उभं होतं. मी तिथेच, त्यांच्या मुलाच्या सोफ्यावर, डोळे पुसले आणि म्हटलं, ताई, हे मी काढणार.

भाषा आमची इथली होती. चाळीस वर्षं दिल्लीत राहिलेली मराठी. "क्वार्टर खाली करायची नोटीस आली," असं ताई लिहायच्या. इथे खाली म्हणजे रिकामी, हिंदीतलं. आम्ही सगळे असंच बोलतो. पण छापायचं म्हटल्यावर मला धाकधूक वाटली. पुण्याची माणसं हसतील. माझ्या जुन्या अकरावीला हे पेलायचं नाही. कुणीतरी मोठा, शिकलेला माणूस हवा.

तो मिळाला. पुण्याचा, नोएडाच्या मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर, मराठीची बडी पदवी. घरी आला, वाकून नमस्कार केला, म्हणाला, "काकू, भाषेचं काम आहे, मी सेवा म्हणून करीन. नाव तेवढं आत टाका." मला काय आनंद झाला! पुरणपोळी केली हो मी त्या माणसाला. तूप वाढलं.

आठ दिवसांत त्याने पुस्तक परत पाठवलं. आठ दिवसांत! तेव्हाच मला कळायला हवं होतं. सोबत एक ओळ होती, "काकू, मजकूर स्वच्छ करून दिला आहे." स्वच्छ म्हणे. जशी काही ताईंनी घाण करून ठेवली होती.

ताईंच्या तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया चाललेल्या, आधी एक डोळा, मग दुसरा. त्या म्हणाल्या, "वहिनी, छापण्याआधी एकदा मला वाचून दाखवाल?" मी म्हटलं, "अहो, तुम्ही डोळ्यांना आराम द्या. केवढ्या विद्वान माणसाने बघितलंय." आणि मी स्वतः? मी वह्या तीनदा वाचल्या होत्या. ते स्वच्छ केलेलं एकदाही वाचलं नाही. त्याचं बघितलेलं मी काय बघायचं, असं वाटलं मला. लाज वाटली म्हणा ना, माझ्या शिक्षणाची.

छापखान्यातल्या माणसाला मराठी येत नाही, पण देवनागरी वाचतो. मी मेट्रोत असताना त्याचा फोन आला. "माताजी, एक बात पूछनी थी. ये झाडारिकामी क्या होता है?" गाडीचा आवाज, काही नीट ऐकू येईना. मला वाटलं, बिचाऱ्याला मराठी काय कळणार. मी म्हटलं, "भैया, आप छापिए. पढ़े-लिखे आदमी ने देखा है."

प्रकाशनाचा कार्यक्रम रविवारी दुपारी, इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये. ताईंनी नवी साडी नेसली, नवा चष्मा घातला. सुना, नातवंडं, जुन्या क्वार्टरमधल्या सगळ्या बायका. विद्वान पहिल्या रांगेत. मी ताईंना म्हटलं, पहिलं पान तुम्हीच वाचा. त्यांनी पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि माइकवर मोठ्याने वाचलं,

"माझी आई रिकामी बसायची."

थांबल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. परत वाचलं, या वेळी हळू. "माझी आई... रिकामी बसायची." मागून कुणीतरी हसलं. मग ताईंनी पुस्तक मिटलं, टेबलावर पालथं ठेवलं आणि खुर्चीत जाऊन बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही, लोकांना कळेना.

मी तिथेच उभ्या उभ्या पानं उलटली. तुम्हाला खोटं वाटेल. त्या गृहस्थाने हिंदी शब्दांची यादी केली होती आणि संगणकाला सांगितलं होतं, जिथे जिथे खाली दिसेल तिथे रिकामी कर. वाचलंच नव्हतं हो! एक पानसुद्धा नाही! आमच्या मराठीत खाली म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला मी सांगायचं? "लिंबाच्या झाडारिकामी खाट टाकली." "सगळे पंख्यारिकामी झोपलो." "मुलगा जिन्यावरून रिकामी पडला." आणि जिने आयुष्यात कधी हात थांबवला नाही, ती बाई पहिल्याच वाक्यात रिकामी बसली.

मी त्याला कोपऱ्यात गाठलं. हातात समोसा होता त्याच्या.

"तुम्ही हे वाचलं होतंत का?"

"काकू, तांत्रिक चूक आहे. होतं असं. एक शुद्धिपत्र लावून टाका, एका चिठ्ठीचं काम आहे."

"वाचलं होतंत का, असं विचारलं मी."

"इतकं मनाला लावून घेऊ नका, काकू. शेवटी मी सेवा म्हणूनच—"

"सेवा कसली? तुम्ही तिच्या आईला आळशी केलंत आणि वर समोसा खाताय! ठेवा तो खाली. खाली म्हणजे कुठे, कळतंय ना?"

लोक बघायला लागले. बघू देत. मला अजूनही वाटतं, मी कमी बोलले.

दुसऱ्या दिवशी ताईंकडे गेले. त्यांनी पाणी दिलं, चहा विचारला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी शुद्धिपत्राचं म्हटलं मात्र, त्या उसळल्या.

"माझ्या आईचं शुद्धिपत्र लावणार तुम्ही? पान एक, ओळ एक, रिकामीऐवजी खाली वाचावे? राहू द्या, वहिनी. पुस्तक नको मला. वह्या परत द्या." मग आवाज खाली आला. "मी म्हटलं होतं तुम्हाला, वाचून दाखवा."

त्या विद्वानावर मी पोटभर ओरडले होते. पण वाचायला मलाच सांगितलं होतं ना, त्याला नाही.

सगळे गठ्ठे मी परत आणले आणि दिवाणाखाली ढकलले. वह्या मात्र परत करायला पाय उचलेना. अशा वेळी एक मुलगी घरी आली. कार्यक्रमात होती म्हणाली. मराठी घरातली, पण जन्म, शाळा, सगळं दिल्लीत. नोएडाला कॉम्प्युटरच्या कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायची नोकरी. मला म्हणाली, "आजी, मला ते पुस्तक खरं कसं होतं ते वाचायचंय. अच्छा, आणि काज म्हणजे काय?"

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, हिला काज माहीत नाही! तरी एक वही हातात दिली, इथेच बसून वाच म्हटलं. ती वाचेना, विचारतच सुटली. दिवेलागण म्हणजे? टपाल चढवणं म्हणजे कशावर चढवणं? इथे आई गप्प झाली लिहिलंय, का झाली? संध्याकाळपर्यंत अकरा पानं. मी आधी वैतागले, मग ओशाळले. कारण तिच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मलाही देता येईनात. आणि मी म्हणे ही वही तीनदा वाचली होती.

पुढच्या शनिवारी तिला घेऊन मी ताईंच्या दारात उभी राहिले. ताईंनी दार अर्धंच उघडलं. "आता ही कोण? आणखी एक विद्वान?"

"नाही हो आजी," ती मुलगी म्हणाली, "मला मराठी कमीच येतं. जे नाही कळलं ते विचारायला आलेय. पहिलंच वाक्य. तुमची आई खाली बसायची, म्हणजे कशावर? फरशीवर?"

ताईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "गोणपाटावर. घडी करून."

"आणि वर बसायला काही नव्हतं?"

"एक स्टूल होतं." ताईंचा हात दाराच्या कडीवर होता, तो सुटला. "पण त्यावर इस्त्री ठेवायचे."

चाळीस वर्षं मी त्या बाईशी बोलतेय. पापड लाटलेत एकत्र, बाळंतपणं काढलीत एकमेकींची. ते स्टूल मला माहीत नव्हतं. तीन वह्यांत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"हे लिहिलं नाहीत तुम्ही?" मुलगी म्हणाली.

"कुणी विचारलं नाही," ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. मग दार पूर्ण उघडलं. "या आत. वहिनी, लिहून घ्या. आणि या वेळी मला वाचून दाखवायचं. शेवटच्या टिंबापर्यंत. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर माझ्याशी गाठ आहे."

चहा झाला त्या दिवशी. माझ्यात साखर जरा कमीच घातली त्यांनी, तेही बरोबरच आहे.

पाच महिने लागले. दर शनिवारी त्या मुलीचे प्रश्न, ताईंची उत्तरं आणि सगळ्यात शेवटी मोठ्याने वाचन. मग छापखान्यात फोन केला. म्हटलं, "भैया, इस बार कुछ भी समझ में न आए तो मुझसे ज़रूर पूछिएगा."

पलीकडे त्याने मशीन बंद केलं.

"माताजी," तो म्हणाला, "पूछा तो पिछली बार भी था."