सासूबाईंची आठी

मी माझ्या सुनेचं कौतुक करायला लागले की लोकांना वाटतं, हिची तब्येत बरी दिसत नाही. वाटू दे. माझ्या नाकावर राग असतो आणि जिभेला हाड नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण आमच्या सुनेनं नाव काढलं, हेही तितकंच खरं, आणि ते मी सांगणार म्हणजे सांगणारच. उपजत कला वगैरे काही नव्हती बरं का तिच्यात. घासून घासून शिकली आहे ती, आणि ते घासणं मी घरात बसून बघितलंय.

लग्न होऊन आली तेव्हा ती चौकातल्या फोटो स्टुडिओत कामाला होती. फोटो मालक काढायचा आणि ही कॉम्प्युटरवर चेहरे साफ करायची. 'साफ करणं' हा त्यांच्या धंद्यातला शब्द. गिऱ्हाईक म्हणायचं, जरा साफ करून द्या हो, की ही मुरूम घालवणार, डोळ्यांखालचं काळं पुसणार, हनुवटीखाली लोंबणारी कातडी आत ढकलणार. एकदा एका कारकुनाच्या ओळखपत्रावरचा फोटो तिनं इतका साफ केला की पहारेकरी त्याला त्याच्याच कचेरीत सोडेना. कामात वाकबगार होती, यात वादच नाही. घरीही फोटोवर चौकटी आखून पेन्सिलीनं हुबेहूब चेहरे काढायची. येणारेजाणारे म्हणायचे, अगदी फोटोच की! ती खाली मान घालून हसायची, आणि चहा मी करायचे.

मग नात शाळेत जायला लागली, आणि सुनेनं एक दिवस जेवता जेवता सांगितलं की कला महाविद्यालयाच्या संध्याकाळच्या वर्गाला प्रवेश घ्यायचाय. खरं शिकायचंय. तिथली वयाची अट ती पुढच्या वर्षी ओलांडणार होती, म्हणजे झालं तर याच वर्षी. आधी काही महिने तयारीचा वर्ग, मग परीक्षा. परीक्षेला समोर माणूस बसवून काढलेलं एक चित्र न्यायचं आणि तो माणूसही बरोबर न्यायचा. आमचे चिरंजीव म्हणाले, हौस म्हणून ठीक आहे. ती म्हणाली, हौस नाही. एवढंच म्हणाली, पण असं म्हणाली की चिरंजीव मुकाट्यानं भात कालवायला लागले.

तयारीच्या वर्गाला जे सर होते त्यांना मुली 'पुन्हासर' म्हणायच्या, कारण कुठलंही चित्र बघून ते 'पुन्हा' एवढंच बोलायचे. हिच्या वाट्याला मात्र पहिल्याच दिवशी चांगलं भरभरून बोलले. म्हणाले, फोटोची नक्कल छान करता, पण तुम्ही माणसं कधी बघितली आहेत का? घरी येऊन मोरीत नळ सोडून रडली. मी चपला घालून निघालेच होते त्या सरांना विचारायला, तिनंच हात धरून बसवलं.

आणि मग ती हात धुवून स्वतःच्याच मागे लागली. अंडी काय काढली, चुरगळलेल्या चादरी काय, दाराबाहेरचा चपलांचा ढीग काय, नवऱ्याचे झोपलेले पाय काय! पडद्यांना कोळशाची बोटं. एकदा दूध उतू गेलं आणि ही भांड्याच्या कडेकडे बघत नुसती उभी. मी तोंडाचा पट्टा सोडला. ती म्हणते, आई, हे भांडं पांढरं आहे ना, पण यावर पांढरं कुठेच नाही हो. काहीतरीच, म्हणून मी बघायला गेले. एका बाजूला निळसर, खाली करडं, खिडकीकडे पिवळं. इतकी वर्षं मी ते भांडं घासत होते. मी गुपचूप ओटा पुसला.

परीक्षेच्या चित्रासाठी बसायला घरात माझ्याशिवाय कोण? चिरंजीव बसल्या बसल्या घोरतात, नातीला मुंग्या चावतात. मी ठेवणीतले कपडे घातले, केस चापूनचोपून बसवले आणि ओठ मिटून बसले. चित्र झालं. काय सांगू, दहा वर्षं उतरली होती माझ्या अंगावरून! मी ते शेजारणीला दाखवून आले. पुन्हासर म्हणाले, पुन्हा. या बाई कुणीच नाहीत.

ती घरी आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, आई, मी तुमची आठी साफ केली. मला कळलंसुद्धा नाही, हात आपोआप गेला.

माझ्या कपाळावर आठी आहे. दोन भुवयांच्या मध्ये, उभी, चांगली खोल. लग्नाच्या आधीपासून आहे. पुढच्या चित्रातही ती गेली, त्याच्या पुढच्याही. इतक्या वर्षांचा हात, जे जे माणसाचं आहे ते पुसायची त्याला सवय लागलेली. आता यावर तिनं काय केलं ते ऐका. स्टुडिओत फोटो साफ करायला घेतला की आधी वाया गेलेल्या कागदाच्या पाठीवर ती तेवढंच काढायची, जे पुसायचं आहे. आधी काढायचं, मग पुसायचं. मालक कुरकुरला, ती बधली नाही. घरी असे कागद साठले. चेहरा नाहीच, नुसत्या सुरकुत्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, तीळ, कुणाच्या तरी गालावरचा वण. मला ते बघून कसंतरी व्हायचं, आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

हळूहळू हात वळला. माझी आठी चित्रात आली, पण भिंतीला चीर पडावी तशी. ती म्हणायची, आहे हो, पण कशासाठी पडली ते कळत नाही. परीक्षा तोंडावर आलेली, तिची झोप उडालेली, आणि मी आपली ओठ मिटून पुतळा होऊन बसलेली.

एका रविवारी सकाळी मी मटार सोलत बसले होते, ती समोर चित्राची फळी घेऊन. माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. मी तो खांद्यात धरला. बहीणबाई म्हणाल्या, तुझी सून कोळसा घासते आणि तू भांडी घासतेस, या वयात तिला हे काय सुचतंय, आवर तिला. मग काय! मी बहिणीला असं धुऊन काढलं की विचारू नका. शेवटी म्हणाले, "माझ्या घरात कुणी काय शिकायचं ते मी बघीन. ती शिकणार. पडदे काळे झाले तर मी धुईन, तुझ्याकडे धुवायला पाठवणार नाही." फोन आपटला तेव्हा कुठे सून समोर आहे याचं भान आलं. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. म्हणजे लक्ष होतं, पण बोलण्याकडे नव्हतं. हात भराभर चालला होता. झाल्यावर फळी भिंतीकडे वळवून ठेवली आणि मला काही बघू दिलं नाही.

परीक्षेला मी बरोबर गेले. लांबलचक खोली, उंच खिडक्या, टर्पेंटाइनचा वास, आणि टेबलामागे तिघं परीक्षक. मला आत बोलावलं आणि चित्राशेजारी उभं केलं. तेव्हा मी ते पहिल्यांदा बघितलं. तोंड उघडं, तुटका दात दिसतोय, मानेच्या शिरा ताठ, उगारलेल्या हातात मटाराची शेंग, आणि कपाळावर आठी, अशी की तिच्यापासूनच सगळा चेहरा सुरू झालाय. आधी वाटलं, अरे देवा, हिनं माझी शोभा केली. मग मी बघतच राहिले. आरशात मी दिसते ती कुणीतरी भलतीच असते. ही मी होते.

तिघांमधल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चित्राकडे, आणि सुनेला विचारलं, या तुमच्या कोण? ती म्हणाली, सासूबाई. सगळे हसले. बाईही हसल्या.

"फार चिडल्यात. तुमच्यावरच ना?"

"नाही," सून म्हणाली. "माझ्या बाजूनं भांडताहेत."

बाई उठून चित्राजवळ आल्या, आठी जवळून निरखली, आणि सोमवारपासून वर्गाला या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. माझा आवाज आयुष्यभर सगळ्यांनी ऐकला, कानांवर हात ठेवून ऐकला. मी कुणासाठी ओरडते ते या पोरीनं बघितलं होतं.

परतताना बसमध्ये शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. तिला मी चित्र दाखवलं, दात-शिरांसकट सगळं, आणि सांगितलं की हे माझ्या सुनेनं काढलंय. पुढच्या बाकावरच्यांनाही सांगितलं. वाहकाला सांगितलं. सून लाजून लाल झाली आणि कानाशी लागून म्हणाली, "आई, हळू बोला ना."

"का म्हणून?" मी म्हटलं.