रिकाम्या इंजिनाची ऊब

आमच्या पेपरात अशा अनुभवांची पत्रं बरीच यायची. ती वाचून बाजूला काढण्याचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं. शेताच्या बांधावर दिसलेली बाई, बंद खोलीतला खोकला... प्रत्येक पत्राच्या कडेला मी पेन्सिलीनं एकच प्रश्न लिहायचो — ‘दुसऱ्या कोणी पाहिलं का?’ बहुतेक पत्रांत त्याचं उत्तर नसायचं. भूतखेतांवर माझा विश्वास नव्हता; आज आहे, असंही म्हणवत नाही. पण या एका गोष्टीत त्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी आहे, म्हणून लिहितो.

ठिकाण उज्जैन, फ्रीगंज. टावर चौकातून मागच्या गल्लीत वळलं की आमचं घर. काळ नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातला. चौकात परदेशी तंत्राच्या नव्या मोटरसायकलींचं शोरूम उघडलं होतं आणि जुन्या गाड्यांचे पार्ट मिळेनासे होऊ लागले होते. वडील, म्हणजे आमचे नाना, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. साइटवर जायला त्यांच्याकडे जुनी, जड मोटरसायकल होती. दिवेलागणीला ती फाटकातून आत यायची आणि व्हरांड्यात उभी राहायची.

इथे आईची एक पद्धत सांगायला हवी. माळव्याच्या थंडीत दही लवकर लागत नाही. लोक भांडं कणकेच्या डब्यात ठेवतात, रजईत गुंडाळतात. आई ते नानांच्या गाडीपाशी ठेवायची. नाना आले की कोमट दुधाला विरजण लावायचं, भांडं पाटावर ठेवून इंजिनाला टेकवायचं आणि वरून भैरूगढी छापाच्या जाड चादरीचा तुकडा लपेटायचा. शेजारच्या शर्मा आंटी हसायच्या, ‘‘भाभी, आपके दही में तो पेट्रोल की बू आती होगी!’’ आई म्हणायची, ‘‘आती है, तभी तो दौड़ता है.’’ पण सकाळी दही असं लागलेलं असायचं की भांडं तिरकं केलं तरी हलत नसे.

नाना आषाढात गेले. झोपेतच. गाडी तिथंच उभी राहिली. आई दही कणकेच्या डब्यात लावू लागली. अर्धं लागायचं, अर्धं दूधच राहायचं.

त्या हिवाळ्यात मी भोपाळहून रजेवर आलो होतो. माझी बदली तिथल्या डेस्कवर झाली होती आणि जाताना नानांची गाडी दुरुस्त करून न्यावी असा विचार होता. थोरला भाऊ, दादा, पुण्याहून आला होता तो वेगळ्या कामासाठी — आईला कायमचं पुण्याला न्यायला.

आईला जायचं नव्हतं. ‘‘माझं सगळं इथं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘माझं भान सुटलंय असं तुम्हा दोघांना वाटलं, तर उचलून न्या. नाहीतर मला इथंच राहू द्या.’’

दादानं ते शब्दशः धरलं. तो वाईट नव्हता, घाबरलेला होता. गॅस बंद आहे ना, आईनं औषध दोनदा तर घेतलं नाही ना, यावर तो दिवसभर लक्ष ठेवायचा.

शकीलभाई नावाच्या ओळखीच्या मेकॅनिकनं इंजिन खोललं. त्याची बाहेरची अॅल्युमिनियमची पेटी — क्रँककेस — दोन फाकांची असते. आतला क्रँक, गिअर, बेअरिंगं सगळं काढून त्यांनी रिकाम्या फाका माझ्या हवाली केल्या. ‘‘सफाई आप कर लो भैया. बाबूजी भी खुद ही करते थे, हमको हाथ नहीं लगाने देते थे.’’

मी व्हरांड्यात पत्र्याची परात घेऊन बसलो. घासलेट, जुना टूथब्रश, बांबूची पट्टी. वर्षानुवर्षांच्या तेलाचा काळा थर, त्यात माती, कडांना चिकटलेले जुन्या गॅस्केटचे कागद. पट्टीनं खरवडायचं, ब्रशनं घासायचं, पुसायचं. खाली पांढुरकं अॅल्युमिनियम निघत होतं. घासलेटनं आणि थंडीनं बोटं बधिर झाली होती. म्हणूनच दिवे लागायच्या सुमाराला ते जाणवलं असावं. उजव्या हातातली फाक कोमट होती.

मला वाटलं, घासून घासून झाली असेल. खाली ठेवली. तेवढ्यात आई बाहेर आली. तिनं नेहमी जसा इंजिनाला लावायची तसा पालथा हात फाकेला लावला, आत गेली आणि दह्याचं भांडं, पाट, चादरीचा तुकडा घेऊन आली.

‘‘आई, हे गरम का आहे?’’

‘‘ते तू शोध. तू पेपरवाला. जरा सरक, मला दही लावू दे.’’

दादा रोज संध्याकाळी टावर चौकातल्या एसटीडी बूथवर वहिनीला फोन करायला जायचा. दर उतरले की तिथे रांग लागायची. तो परतला तेव्हा पाटावर भांडं, शेजारी सुट्टं, रिकामं इंजिन. फाक तोवर थंड झाली होती. त्यानं मला बाजूला घेतलं.

‘‘बघितलंस? गाडीत इंजिन नाही आणि ही दही लावतेय. हिला एकटी कशी ठेवायची?’’

‘‘पेटी गरम होती, दादा. मी हात लावला होता.’’

‘‘मग दोन तिकिटं काढतो,’’ तो म्हणाला. ‘‘तुलाही नेतो.’’

सकाळी दही लागलं होतं. भांडं तिरकं केलं, हललं नाही. दादानं वास घेऊन भांडं परत ठेवलं. ‘‘घासलेटचं दही,’’ म्हणाला. खाल्लं मात्र.

पुढच्या संध्याकाळी मी तपासणी केली. ती जशी केली तशी नोंदवतो. व्हरांडा उत्तरेचा, हिवाळ्यात तिथं ऊन येत नाही. भिंतीमागे खोली होती ती बंदच असायची, चूल नाही, गीझर नाही. घासलेट उडून जाताना धातू उलट गार पडतो. त्याच इंजिनाचं हेड — जो भाग चालत्या गाडीत सगळ्यात जास्त तापतो — मी मुद्दाम शेजारी ठेवलं. ते बर्फासारखं होतं. फाका उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेल्या. दिवेलागणीला त्या तिथंही कोमट झाल्या. चटका बसेल अशा नाहीत. गाडी लांबून येऊन थोडा वेळ उभी राहिली की इंजिन जसं असतं, तशा. आईच्या दुधातलं अर्धं मी त्याच विरजणासह कणकेच्या डब्यात ठेवलं होतं. सकाळी ते दूधच होतं. पाटावरचं लागलं होतं.

दादाला हे सगळं सांगितलं. त्यानं सकाळीच फाकेला हात लावून पाहिला. थंड. ‘‘झालं समाधान?’’ म्हणाला, आणि आईची ट्रंक माळ्यावरून काढली. आईनं निमूट लुगडी घडी करून भरायला घेतली. देवघरातलं काय न्यायचं, काय ठेवायचं, हे तिनं त्यालाच विचारलं. मला ते बघवेना.

संध्याकाळी दादा फोनला गेलेला असताना शकीलभाई पेटी न्यायला आले. फाक उचलली आणि पटकन परातीत ठेवली.

‘‘भैया, आग जलाई थी क्या? मिट्टी के तेल के पास? पागल हो क्या!’’

‘‘नहीं जलाई.’’

‘‘तो गरम किसने किया? बेरिंग बिठाने को हम करते हैं गरम, पर वो तो दुकान पे.’’ त्यांनी परातीखाली वाकून पाहिलं, हेडला हात लावला, पुन्हा फाकेला लावला. मग आईचा पाट दिसला. नानांच्या वेळचा तो पाट त्यांना ओळखीचा होता. ते उठले आणि रुमालाला हात पुसले.

‘‘आज रहने दो. कल दिन में ले जाऊँगा.’’

दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या सकाळी दादाची आणि आईची पुण्याची रेल्वे होती. ट्रंक बांधून व्हरांड्यात ठेवली होती. दिवेलागणीला मी दादाला म्हटलं, ‘‘आज फोनला जाऊ नकोस. इथं बस.’’

‘‘कशाला? तमाशा बघायला?’’

‘‘हात लाव. थंड लागली तर मी स्वतः आईला स्टेशनवर घेऊन येतो.’’

तो आईच्याच ट्रंकेवर बसला. आई दारात उभी होती, हातात दुधाचं भांडं. आज ते खाली ठेवायचं की नाही, हे जणू दादानं ठरवायचं होतं. समोरच्या घरात टीव्ही सुरू झाला. दादानं फाक मांडीवर ओढली आणि तिच्यावर तळहात ठेवला. मला वाटलं, लगेच काहीतरी म्हणेल. थोड्या वेळानं त्यानं दुसराही हात ठेवला, शेकोटीवर धरावेत तसे. मान खाली होती, चेहरा दिसत नव्हता.

‘‘दादा?’’

तो उठला. फाक पाटाशेजारी नीट लावून ठेवली, चादरीचा तुकडा झटकला. ‘‘आई,’’ म्हणाला, ‘‘दूध गार होतंय. लाव ना.’’

मग त्यानं ट्रंक उचलून आत नेली. सकाळी तो एकटाच स्टेशनवर गेला. आईनं त्याला डब्यात दहीपोहे दिले.

इंजिन जोडून झालं. गाडी पहिल्या किकला नाही, पण चालू झाली. मी ती देवास रोडपर्यंत नेऊन आणली आणि व्हरांड्यात उभी केली. आई आली, पालथा हात इंजिनाला लावला. गरम होतं, होणारच होतं. मी पाट आणून ठेवला.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘आता तू चालवलीस म्हणून तापलीय. ही तुझी गाडी. ह्यांची यायची ती येऊन गेली.’’ आणि भांडं घेऊन कणकेच्या डब्याकडे गेली. त्यानंतर तिनं दही कधीच गाडीपाशी लावलं नाही. उज्जैनही सोडलं नाही; शेवटपर्यंत त्याच घरात, पूर्ण भानावर राहिली.

कारण काय, हे मला आजही माहीत नाही. इंजिनियर मित्रांना विचारलं, त्यांनी सूर्य, घासलेट, माझी बधिर बोटं अशी कारणं सुचवली. त्यातलं प्रत्येक मी तेव्हाच तपासलं होतं. दुसऱ्या कोणी पाहिलं का, याचं उत्तर मात्र देऊ शकतो. आईनं हात लावला, शकीलभाईंनी लावला, मी लावला. चौथा साक्षीदार दादा. त्याला मी बरेचदा विचारलं. तो एकदाही ‘गरम होती’ म्हणाला नाही. ‘थंड होती’ असंही म्हणाला नाही. दर वेळी तो एवढंच विचारतो — ‘‘त्या दिवशीचं दही लागलं होतं ना?’’

लागलं होतं.