अंगाला न लावता

काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात तिला सगळे 'कापूस' म्हणत. कामाला लागली त्या दिवशीच पॅकिंगच्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "बरणी खालून धरायची, दोन्ही हातांवर. अंगाला लावायची नाही." कारण पोटाशी धरलेल्या बरणीला गुंडीनेही तडा जातो. हिने ते असं अंगी बाणवलं की हिच्या हातून एखादी बरणी फुटल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. बाकीच्यांच्या हातून रोज काही ना काही फुटायचं, ते सोडा.

हिचे दिवस भरत आले असताना सोनोग्राफीत बाळाच्या पोटात एक काळा गोल दिसला. पाण्याची गाठ. जन्मल्यावर पुन्हा तपासणी झाली आणि बालशल्यचिकित्सक बाईंनी नीट समजावून सांगितलं. गाठ मुलीच्या अंडाशयावर आहे. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे होते, पुढे बहुतेक वेळा आपली आपण जिरते. वाढली किंवा तिला पीळ पडला तर ऑपरेशन, आणि मग कदाचित अंडाशयही काढावं लागेल. तोवर वाट बघायची. उलट्या, न थांबणारं रडणं, टम्म फुगलेलं पोट, यातलं काही दिसलं तर तडक घेऊन यायचं.

"फुटू शकते का?" हिने विचारलं.

"क्वचित."

डॉक्टर एवढं बोलल्या, पण हिच्या डोक्यात तेवढं फुटणंच राहिलं. फुटणारी वस्तू कशी सांभाळायची हे हिला कुणाला विचारायची गरजच नव्हती.

तेव्हापासून पोर दोन तळहातांवर राहू लागली. दूध पाजायचं ते कुशीवर आडवं होऊन, मध्ये अंतर ठेवून. ढेकर काढायला खांद्यावर टाकायचं नाही, मांडीवर बसवून पाठ थोपटायची. सासूबाई वैतागल्या, "अगं, पोर आहे की वाढलेलं ताट?" पण त्याही शेवटी तशाच उचलायला शिकल्या. नवरा केस कापायचा, दिवसभर लोकांच्या गळ्याशी वस्तरा चालवणारा माणूस. पोरीला मात्र तोही दोन तळहातांवरच, हळूच उचलायचा.

आणि हिला काहीच वाटत नव्हतं. वाईट नाही, बरंही नाही. पाजायचं, लंगोट बदलायचा, पोट बघायचं. "डोळे कुणासारखे गं?" असं शेजारणीने विचारलं तर हिला सांगता येईना. हिची नजर कधी पोटावरून वर गेलीच नव्हती.

काही महिन्यांनी पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं. "जिरली की! आता शोधावी लागतेय. ऑपरेशनचं नावसुद्धा काढायला नको."

नवरा तिथेच रडायला लागला. ही म्हणाली, "बरं." आणि पोरीला दोन हातांवर उचललं.

"अशी का धरता हो?"

"पोटाला दाब नको म्हणून."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

"अहो, उराशी धरल्याने काही होत नाही. पहिल्या दिवसापासून घेतली असती तरी चाललं असतं," डॉक्टर हात पुसत सहज म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलवायला सांगितलं.

बाहेरच्या बाकाजवळ तिने पोरीला उराशी धरलं. पोर ताठ झाली. दोन्ही मुठी आईच्या छातीला लावून मागे रेटू लागली आणि किंचाळली. घाबरून नवऱ्याने सवयीने तळहात पुढे केले. त्या तळहातांवर उताणी पडताच पोर शांत झाली.

"द्या इकडे," ती म्हणाली.

"पुन्हा रडेल गं."

"रडू दे."

तिने पोरीला पुन्हा जवळ ओढलं. पोर लाल होऊन रडत होती, आईला ढकलत होती, आणि ती तिला सोडत नव्हती. येणारेजाणारे बघायला लागले. आईला आत कुठेतरी दुखत होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.