मोटर बंद होईना

“सायेब, तुमची मोटर बंदच नाई होऊन राहिली,” तेजरामभाऊ फोनवर सांगत होते. “वाफ्यात पानीच पानी! आन् बाई आज दुपारी येऊन राहिली.”

बाई म्हणजे त्यांची बायको, सुकवंताबाई. आमगावजवळ त्यांच्या घरामागे मिरचीच्या रोपांची नर्सरी होती, ती पूर्णपणे बाईंची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या चार दिवस गोंदियाला होत्या. परत आल्यावर गावातल्या बायकांना रोपं द्यायची होती, तसा शब्द दिलेला. मधल्या दिवसांत पाणी द्यायला मी एक मशीन बसवून दिलं होतं. गोंदियात माझं इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगचं दुकान आहे.

मशीन साधं. मातीत खोचलेला सेन्सर ओल मोजून आकडा देतो. मायक्रोकंट्रोलर ही छोटी चिप तो आकडा आपण लिहून दिलेल्या आकड्याशी ताडून बघते. माती कोरडी तर पंप चालू, ओली झाली की बंद. चिपला अक्कल नाही, पण आज्ञाधारक फार.

गाडी काढली. रिले चिकटला असणार, असं रस्ताभर धरून चाललो होतो. रिले म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारा स्विच. तपासला, ठणठणीत. वायरिंग ठीक. सेन्सर उपटून पुसला आणि ग्लासभर पाण्यात बुडवला. पंप लगेच बंद!

तेव्हा लॅपटॉप उघडून प्रोग्राम पाहिला. मी लिहिलेला आकडा ओल्या मातीचा नव्हताच, पाण्याचा होता; मातीचा कितीही चिखल झाला तरी तो गाठला जात नव्हता.

मग आठवलं. मशीन लावलं त्या दिवशी उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून मी ओसरीत बसलो होतो. तेजरामभाऊ वाफ्यात बादलीनं पाणी ओतत होते.

“माती झाली का ओली?”

“कायची होते! थांबा जराक.”

वाफ्याभोवती त्यांनी मातीचा धुराही घातला, पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. शेवटी ओरडले, “हां, आता झाली ओली!” मी जागचा न उठता आकडा टाकला. हा माणूस जन्मभर भातखाचरात धान लावत आलेला. बांधीच्या चिखलात पाय रुतत नाही तोवर त्यांच्या लेखी जमीन कोरडीच. हे मला कळायला हवं होतं. लाज वाटली.

सुकवंताबाई आल्या त्या काळ्या चष्म्यासकट थेट वाफ्यात. दोन बोटांनी रोप उचललं, ते खाली कुजून सुटूनच आलं. अर्धी रोपं तशीच गेली होती.

“मिरची हाये का धान हाये हे?” त्यांनी नवऱ्याला विचारलं. तेजरामभाऊ धुरा फोडायला लागले.

मग बाईंनी कडेची कोरडी माती घेतली, पाणी शिंपडून मुठीत दाबली. “असा लाडू झाला पाह्यजे. पानी नाई गरलं पाह्यजे.” तशी माती डबाभर करून घेतली, त्यात सेन्सर खोचला आणि नवा आकडा लिहिला. उरलेली रोपं त्यावर जगली. बाकीच्या बायकांना पुन्हा पेरून, महिनाभर उशिरा मिळाली. त्यांची बोलणी सुकवंताबाईंनीच खाल्ली.

निघताना मी म्हटलं, “बाई, हे त्या दिवशीच सांगायचं ना.”

“घरातच तं होती, दवाखान्याची पिशवी भरत. तुमी इचारलं कायले नाई?”

आता कुठंही मशीन लावायला गेलो की आधी विचारतो, इथं रोजचं पाणी कोण घालतं? बहुतेक ठिकाणी उत्तर द्यायला आतून कोणाला तरी बोलवावं लागतं.