कान्स्ट डू माल कुर्त्स?

मार्चमध्ये माझी पत्नी गेली. तोवर जर्मनीतल्या येना शहरातल्या आमच्या इमारतीत शेजाऱ्यांशी बोलणं तिच्याकडेच होतं.

खालच्या मजल्यावरच्या आजी बेल वाजवतात आणि एवढंच म्हणतात, "कान्स्ट डू माल कुर्त्स?" म्हणजे, जरा येतोस का? काम काय आहे, ते जिना उतरताना कळतं. बहुधा पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट असतो. काम झालं की "सुपर" म्हणून दार लावून घेतात.

मला अशी मदत मागता येत नव्हती. पत्नीचं लहान कपाट तळघरात न्यायचं होतं, तेव्हा त्यांच्या दारात उभं राहून मी पाठ केलेलं जर्मन वाक्य सुरू केलं, "आपली गैरसोय होणार नसेल, तर कृपया..."

"काय उचलायचंय?"

"कपाट."

"मग तसं सांग ना! ऑफिसला पत्र लिहितोयस का?"

त्यांनी बूट चढवले. जिन्याच्या वळणावर कपाटाचं दार उघडलं आणि आत राहून गेलेली एक साडी खाली घसरली. आजींनी कपाट टेकवायला लावलं, साडीची चादरीसारखी घडी केली आणि माझ्या खांद्यावर ठेवली.

"ही वरच राहू दे. चल, उचल."

कपाट तळघरात आहे. साडी वर खुर्चीवर आहे.